ब्रॅकनेलचं हिवाळी अधिवेशन

परदेशातले किस्से जमवावे लागत नाहीत. दाराशी ओली पानं साचतात ना, तसे ते आपोआप साचतात. तुम्ही झाडत बसा, ते पडतच राहतात.

शहाणी माणसं थंडी टाळायला उन्हाच्या देशात जातात. आम्ही आईबापमंडळी मात्र नेमकी नोव्हेंबरात इंग्लंडातल्या ब्रॅकनेलला मुलांकडे येतो! कारण नातवंडांची सर्दी हिवाळ्यात, आणि नाक गळणाऱ्या पोराला नर्सरी घेत नाही. मी नागपूरचा, त्यामुळे आमच्या कंपूचं नाव आपोआपच 'हिवाळी अधिवेशन' पडलं. पुण्याचे पाटणकर, मराठीच्या निवृत्त शिक्षिका पाटणकरवहिनी, साताऱ्याच्या विमलताई आणि मी. सभागृह म्हणजे गावातली लायब्ररी. हीटिंग उत्तम!

* * *

पाटणकरांच्या शेजारी बॉब नावाचे आजोबा राहतात. पहिल्याच सकाळी त्यांनी कुंपणापलीकडून विचारलं, "यू ऑलराइट?"

इथे हा नुसता नमस्कार असतो, हे पाटणकरांना कोण सांगणार? ते म्हणाले, "नॉट रिअली," आणि गुडघ्यापासून सुरू करून प्रोस्टेटपर्यंत पोचले. बॉब बिचारे कुडकुडत ऐकत उभे.

"बाबा, आता तो माणूस तुम्हाला बघून आत पळेल," मुलगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात बॉब. हातात स्वतःच्या कंबरेचा जुना एक्स-रे!

* * *

मी आणि पाटणकर सकाळी फिरायला निघतो. माकडटोपी, वरून मफलर, उघडे फक्त डोळे. पाटणकर हाडाचे इंजिनिअर, त्यामुळे प्रत्येक घरापाशी थांबून, "ह्यानं मागे एक्स्टेंशन काढलंय, बघा," असं निरीक्षण चालतं.

एक दिवस आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला: 'दोन मास्कवाले रोज सकाळी घरं हेरत फिरतायत. बी केअरफुल.'

माझा जावई ऑफिसात होता. त्यानं ताबडतोब लिहिलं, 'शॉकिंग! पोलिसांना कळवा.'

मग कुणीतरी फोटो टाकला. धूसर होता, पण एका इसमाच्या कोटाखाली पायजम्याची नाडी स्पष्ट लोंबत होती!

जावयानं पुन्हा लिहिलं, 'रिलॅक्स एव्हरीवन. वन ऑफ देम इज माइन.'

* * *

जानेवारीत एकदा चक्क कडक ऊन पडलं. पाटणकरवहिनींना राहवेना. त्यांनी साबुदाणा शिजवला, नातवाच्या ट्रॅम्पोलिनवर जुनी साडी पसरली आणि त्यावर पापड्या घातल्या. "एवढी ताणलेली, स्वच्छ जागा पुण्यात गच्चीवरही मिळत नाही!"

थोड्या वेळानं बागेतून नातवाची आरोळी आली. "आजी! तुझा पापडी उडला!"

वहिनी आतूनच ओरडल्या, "उडला नाही रे, उडली! तुझी पापडी उडली!"

आणि मग बाहेर धावल्या.

* * *

एका मंगळवारी लायब्ररीत आमच्या नेहमीच्या कोपऱ्यात गोल टेबल मांडलेलं. चहा, बिस्किटं, पाचसहा शांत माणसं. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्यांची सोय केलीय. बसलो.

एक प्रेमळ बाई पाटणकरांशेजारी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "हॅव यू लॉस्ट समवन?"

पाटणकरांना कमी ऐकू येतं. ते म्हणाले, "यस. माय लेफ्ट ग्लव्ह. इन द बस."

बाईंनी त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "टेक युअर टाइम."

पाटणकर भारावले. "इतकी माया आपल्याकडे राहिली नाही हो!"

तेवढ्यात वहिनींनी भिंतीवरचा कागद वाचला. "अहो, उठा आधी! घरचं माणूस गेलेल्यांचा गट आहे हा! आणि मी इथे जिवंत बसलेय!"

* * *

आता विमलताईंचं. मागच्या खेपेला त्यांनी नातवासाठी गोधडी आणली होती. स्वतःच्या जुन्या साड्यांची, स्वतः टाके घातलेली. अर्धी बॅग तिनेच भरली होती. यंदा आल्यावर ती घरात कुठे दिसेना. विमलताईंनी विचारलं नाही.

एका दुपारी आम्ही हाय स्ट्रीटवरून येत होतो. लोकांनी देऊन टाकलेल्या वस्तू विकतात त्या चॅरिटी शॉपच्या काचेत, मधोमध, तीच गोधडी! वर चिठ्ठी: 'व्हिंटेज. हँडमेड.'

विमलताई सरळ आत गेल्या.

"लव्हली, इझन्ट इट?" दुकानातली बाई म्हणाली. "कुणी करत नाही आता असलं काम."

"नो," विमलताई म्हणाल्या, आणि पैसे मोजून, गोधडी काखेत मारून बाहेर आल्या.

पुढचं त्यांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. संध्याकाळी त्यांनी ती सुनेच्या हातात ठेवली. "तुझ्यासाठी आणली गं."

सून टाक्यांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आई, किती सुंदर! एक्झॅक्टली अशीच एक आपल्याकडे होती ना?"

"हो?" विमलताई म्हणाल्या. "मग काढ की तीही बाहेर. जोडी होईल!"