आईची पाठ

सरांनी पट्टीचं टोक फोटोवर ठेवलं आणि म्हणाले, "बघा. ही बाई नाही. हा दगड आहे."

वर्ग बघायला लागला. मीही बघितलं.

उघडी पाठ. ओली. केस वर गुंडाळून बांधलेले. मानेवर खडीची पांढरी पूड बसलेली आणि पाण्याचा एक ओघळ त्या पुडीतून वाट काढत कमरेपर्यंत गेलेला. उजव्या खांद्याखाली खड्डा. आंब्याच्या कोयीएवढा. खाणीत सुरुंग उडाला तेव्हा दगडाची कपची तिथं घुसली होती. मी तेव्हा शाळेत होते. मुकादमाने जखमेत हळद दाबली, वर फडकं बांधलं आणि दुपारनंतर तिला पुन्हा घमेलं उचलायला लावलं. घरी ते फडकं मी सोडवलं होतं. मांसासकट निघालं होतं.

दगड म्हणे. माझी आई होती ती.

पनवेलमधलं कमर्शियल आर्टचं कॉलेज. शेवटचं वर्ष. फोटोग्राफीच्या तासाला वर्षभर एकच काम होतं. पुस्तक करायचं. प्रत्येकाने एक विषय घ्यायचा, त्याचे काळेपांढरे फोटो काढायचे, स्वतः धुवायचे, निवडायचे, पानं लावायची, शिवायची. सर सांगायचे की सुटे फोटो कुणीही काढतो, पुस्तकाला सूत्र लागतं. एका पानाने पुढच्या पानाचा हात धरला पाहिजे. सर शिकवायचे चांगलं. खोटं कशाला बोलू. सूत्र हा शब्द मी तिथंच शिकले, आणि तो मला आवडला होता.

माझ्याकडे कॅमेरा नव्हता. कॉलेजचा पाळीपाळीने मिळायचा. मी आमच्या वाड्यातले फोटो काढले. पनवेलजवळच्या कोन गावाच्या पुढे आमचं गाव. गावाच्या बाहेर, ओढ्याच्या अंगाला, आमचा बौद्धवाडा. उंबऱ्यात बसून पोरीची वेणी घालणारी चुलती. पंचशीलाच्या झेंड्याखाली पत्ते खेळणारे म्हातारे. हळदीला नाचणाऱ्या बाया. सरांनी सगळे फोटो टेबलावर पसरले आणि म्हणाले की एकेक बरा आहे, पण हे पुस्तक नाही, हा घरगुती अल्बम आहे. सूत्र कुठाय? समीरचं काम बघ, म्हणाले.

समीर म्हणजे खाणवाल्या शेठचा मुलगा. न्हावा शेव्याचं बंदर झालं, नवी मुंबईच्या इमारती उठायला लागल्या, आणि आमच्या मागचा डोंगर शेठच्या खडी फोडायच्या क्रशरमध्ये जायला लागला. त्या क्रशरवर माझी आई खडी वाहायची. आमच्या वाड्यातल्या निम्म्या बाया तिथंच. संध्याकाळी काम सुटलं की पुडीने माखलेल्या बाया पाण्याच्या टाकीमागे जात. दोन बांबूंना जुनं लुगडं बांधून आडोसा केलेला. तिथं अंगावर पाणी घेत आणि मग घरी येत. तशा पांढऱ्याफटक अंगाने गावातून यायची त्यांना लाज वाटायची.

टाकीच्या समोर शेठचं ऑफिस. माडीवर. खिडकीतून, टाकीच्या वरून, आडोशाच्या आतलं दिसत असणार, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. समीरकडे लांबचं दाखवणारी लेन्स होती. परदेशातून आणलेली.

त्याच्या पुस्तकाचं नाव 'शिळा'. सरांनीच सुचवलेलं. आमच्या घरात शिळा हा शब्द भातासाठी होता.

मी उभी राहिले.

"सर, ही माझी आई आहे."

मागून कुणीतरी हसलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रागावले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला.

"मग तर उत्तमच. या फोटोंखालच्या ओळी तू लिही. पुस्तकाला आतला आवाज मिळेल."

मी समीरला विचारलं, माझ्या आईला विचारलं होतंस का. तो बाकावर रेलून बसला होता. तसाच बोलला.

"विचारायचं कुणाला? ती आमच्याकडेच कामाला आहे. खाण आमची, टाकी आमची."

मी पुढे गेले. दोरीला चिमट्यांनी लावलेला फोटो ओढला आणि मधोमध फाडला. एवढं करेपर्यंत तो माझ्यापर्यंत पोचला. मनगट पिरगळलं. कानाखाली मारली. कानात क्रशर सुरू झाल्यासारखं झालं. त्या आवाजातूनही मला नीट ऐकू आलं.

"सरकारचे जावई तुम्ही. फुकट शिकता, आणि वर माज करता?"

सर म्हणाले, वर्गात मारामारी नको. हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं.

फोटो फाडून काही होत नाही. निगेटिव्ह असते. पुढच्या तासाला तीच पाठ पुन्हा दोरीवर होती. आधीपेक्षा मोठी. वार्षिक प्रदर्शनात हीच मुखपृष्ठावर येणार, असं ठरलं होतं. प्रदर्शनाला पाहुणे शेठच.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. तिला ते खाणीवर कळलं. मुकादमाने तिचं घमेलं लाथेने उडवलं. तुझी पोरगी मालकाच्या पोराच्या अंगावर जाते काय, म्हणाला, आणि हातोड्याच्या दांड्याने तिच्या पोटऱ्यांवर मारलं. बायांच्या देखत. उद्यापासून येऊ नको म्हणाला. मग त्या फोटोबद्दल काहीतरी बोलला. काय बोलला ते आईने मला मरेपर्यंत सांगितलं नाही.

ती लंगडत घरी आली. मी चुलीपुढे होते. तिने चुलीतलं लाकूड ओढलं, न पेटलेल्या बाजूने धरायचंही तिला सुचलं नाही, आणि मला मारायला सुरुवात केली. पाठीवर, दंडावर, जिथं लागेल तिथं. ठिणग्या उडत होत्या. मी ओरडले नाही. तीही ओरडत नव्हती. दातांतून बोलत होती.

"त्या फोटूत नुसती पाठ होती. कुनाची हाय ता कुनाला म्हाईत नव्हता. तू नाव घेतलास. आता आख्ख्या पनवेलला म्हाईत झाला."

मग लाकूड टाकून ती भिंतीला टेकून बसली. तिचा तळहात भाजला होता. मी मीठपाणी आणलं. तिने हात लावू दिला नाही.

ती खरं बोलत होती. म्हणूनच ते मला गिळता येईना. दोन दिवस मी घरातून बाहेर पडले नाही. अंगावरचे वळ निळे होत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं. मी गप्प बसले असते तर आई झाकलेली राहिली असती? वर्गातल्या प्रत्येकाने तिला बघितलंच होतं. पट्टी लावून लावून बघितलं होतं. तिला उघडं मी केलं नव्हतं. माडीवरच्या खिडकीत बसून दुसऱ्याने केलं होतं, आणि त्याची लाज तिच्या वाट्याला आली होती. त्याच्या वाट्याला शाबासकी. आणि मार आम्हा दोघींच्या वाट्याला. मुकादमाने तिला मारलं, तिने मला मारलं. समीरला कुणी मारलं?

तिसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले. मधली सुट्टी होती. फोटो धुवायची डार्करूम रिकामी. समीरचा खण कुलूप न लावलेला. त्याच्या वस्तूंना कोण हात लावणार, ही त्याची खात्री. वर्गातल्या दोरीवरचे फोटो मी येतानाच फाडले होते, खणातले आता फाडले. मग निगेटिव्हच्या पट्ट्या काढल्या आणि लाल दिव्यासमोर धरल्या.

निगेटिव्हमध्ये माझी आई गोरी दिसत होती. अंगावरची पूड काळीकुट्ट. आडोशाच्या आत एकटी तीच नव्हती. माझी चुलती होती. शेजारची नवी लग्न झालेली पोरगी होती. काही फ्रेममध्ये बाया सरळ समोर तोंड करून होत्या. ते फोटो वर्गात आले नव्हते. ते त्याने कुणासाठी ठेवले होते, मला माहीत नाही.

कात्री तिथंच होती. मी कापायला लागले. बारीक. भाजी चिरतात तसं.

दार उघडलं. समीर, आणि बरोबर त्याचे दोन मित्र. त्याने खाली पडलेले तुकडे बघितले. मग आतून कडी लावली.

दोघांनी माझे दंड धरले. कात्री पडली. समीरने माझी वेणी मुठीत गुंडाळली आणि माझं तोंड डेव्हलपर रसायनाच्या ट्रेमध्ये दाबलं. नाकात पाणी गेलं. कडू, जळजळीत. वर ओढायचा, दोन शिव्या द्यायचा, पुन्हा दाबायचा. शिव्यांमध्ये माझी जात होती, माझी आई होती. नवीन काही नव्हतं. पहिल्यांदा मला वाटलं मी मरणार. दुसऱ्यांदा वाटलं की मी मेले तरी हे म्हणतील पोरगी घसरून पडली. त्या विचाराने माझ्या अंगात जे आलं त्याला शौर्य म्हणू नका. मला जगायचं होतं.

मी पायाने टेबल लाथाडलं. ट्रे उलटले, सगळ्यांच्या अंगावर आले, एकाची पकड सुटली. कोपऱ्यात लोखंडी ट्रायपॉड उभा होता. तो माझ्या हातात आला. मी डोळे मिटून फिरवला. एकदा लागला ते हाताला कळलं. मग डोळे उघडून फिरवला.

समीरची भुवई फाटली. लाल दिव्यात रक्त काळं दिसत होतं. कडी काढून तिघं बाहेर पळाले. मी आत उभी होते. तोंडातून थुंकी गळत होती, घशात आग. पण तुकडे मोजून घ्यावेत तसे मी पुन्हा खाली बसून चाचपले. एकही पट्टी अख्खी राहिली नव्हती.

त्याला टाके पडले. ते सगळ्यांना सांगण्यात आलं. माझ्या डोळ्यांना सूज होती, गळ्यावर वळ होते. त्याबद्दल कुणी विचारलं नाही.

प्राचार्यांच्या खोलीत शेठ बसले होते. सर बसले होते. आईला बोलावून आणलं होतं. ती दारापाशी उभी होती. खुर्ची होती, पण बस म्हणून कुणी म्हटलं नाही. शेठ शांत होते. मोठी माणसं आवाज चढवत नाहीत, त्यांना गरज नसते. पोरांचं भांडण आहे, म्हणाले. मी पोलिसात जात नाही. हिने माफी लिहून द्यावी आणि वर्गासमोर वाचावी. हिच्या आईला उद्यापासून कामावर घेतो.

सर माझ्याकडे बघत होते. त्यांना खरंच दुःख झालं होतं. हळू आवाजात म्हणाले, काही झालं तरी निगेटिव्ह कापायला नको होती, ती कलाकृती होती.

प्राचार्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी पेन हातात घेतलं. आई दारातून म्हणाली, "लिव बाय. येवडा वरीस नको घालवू."

तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. चुलीतलं लाकूड घेतलेली बाई ती नव्हतीच. ती भीक मागत होती. माझ्यासाठी. आणि त्यांच्यासमोर.

मी म्हणाले, लिहिते. आधी यांनी माझ्या आईची माफी मागावी.

शेठ हसले. खरोखर नवल वाटल्यासारखे हसले.

"कशाबद्दल?"

मी पेन खाली ठेवलं. त्या एका शब्दानंतर त्या खोलीत माझ्यासाठी काही उरलं नव्हतं. मी सांगितलं, मी लिहिणार नाही. प्राचार्यांनी परिणाम सांगितले. मी ऐकून घेतले. पुन्हा सांगितलं, लिहिणार नाही. मग आईकडे वळून तिसऱ्यांदा सांगितलं. ते सगळ्यात जड गेलं.

आम्ही चालत घरी आलो. ती पुढे, मी मागे. बंदराकडे जाणारे डंपर अंगावर धूळ उडवत जात होते. पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

कॉलेजातून मला काढलं. 'शिळा' प्रदर्शनात लागलं नाही, कारण लावायला काही नव्हतं. आईला कंटेनर यार्डात झाडूकाम मिळालं. क्रशरवरच्या बायांनी टाकीमागचा आडोसा चारी बाजूंनी आणि वरूनही बंद केला, गोणपाट शिवून. हे त्यांनी शेठला विचारून केलं नाही. मुकादम काढायला आला तेव्हा माझी चुलती हातात खडीची पाटी घेऊन उभी राहिली. तो परत गेला.

मी पनवेलच्या एका स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायला लागले. दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या कॉलेजातून परीक्षा दिली. तिथंही पुस्तक करायचं होतं. मी त्याच बायांकडे गेले. एकेकीला विचारलं. काही नाही म्हणाल्या, त्यांना मी पुन्हा विचारलं नाही. ज्या हो म्हणाल्या त्यांनी केसांना तेल लावलं, ठेवणीतलं लुगडं नेसलं, आणि घमेलं बाजूला ठेवून कॅमेऱ्यात रोखून बघितलं. तिथले परीक्षक म्हणाले, यात श्रम दिसत नाहीत. मी म्हणाले, त्यांना दाखवायचे नव्हते. मला कसेबसे पास केले.

आईलाही विचारलं होतं. ती तांदूळ निवडत होती. वर बघितलं नाही.

"नाय."

मी कॅमेरा पिशवीत घातला. त्यानंतर ती वारली तोपर्यंत तिचा एकही फोटो मी काढला नाही. घरात तिचा फोटो नाही. लोक विचारतात, भिंतीवर आईचा फोटो का नाही. तिला नको होता म्हणून नाही.

आता मी फोटोग्राफी शिकवते. आमच्या वाड्यात अजून माणसं येतात, गळ्यात कॅमेरे अडकवून. चांगली असतात, आमच्यावर पुस्तक करायचं म्हणतात. वाड्यातल्या पोरींना मी एवढंच सांगून ठेवलंय. विचारून आला तर बसवा, पाणी द्या, मग हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. न विचारता रोखला, तर एकदा तोंडाने सांगा. दुसऱ्यांदा सांगायला तोंड वापरू नका.