अण्णांचं ॲप आणि काकूंचं पान

किस्से गोळा करायला लागत नाहीत हो. वाडीत झावळ्या पडतात ना, तसं असतं ते. कोणी पाडायला जात नाही, आपल्याआपण पडतात, आणि महिन्याभराने बघावं तर मागीलदारी हा ढीग! बोर्लीच्या नाक्यावर आमचं दुकान आहे. नवरा झेरॉक्स आणि लॅमिनेशन बघतो, मी वेबसाईट करून देते. बाहेर तसा बोर्ड आहे. त्या बोर्डामुळे अधूनमधून कोणीतरी आत येतं, खुर्ची ओढतं आणि म्हणतं, "आम्हाला ॲप पाहिजे."

कशाला, ते विचारायचं नसतं. मी विचारते. नवऱ्याच्या मते आमचं गिऱ्हाईक तिथेच तुटतं.

* * *

पालीला देवळाच्या वाटेवर एकांचं पेढ्यांचं दुकान आहे. गृहस्थ मुद्दाम गाडी काढून आमच्याकडे आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. म्हणाले, "पेढ्यांचं ॲप करायचंय."

"तुमचं गिऱ्हाईक किती वेळा येतं?"

"वर्षातून एकदा. दर्शनाला आले की."

"मग वर्षातून एकदा पेढे घेणारा माणूस वर्षभर तुमचं ॲप मोबाईलमध्ये कशाला ठेवेल?"

"बाप्पाला नाही वर्षभर घरात ठेवत?"

"काका, बाप्पा मेमरी खात नाही."

त्यांना ते लागलं थोडं. मग मी समजावून सांगितलं, की मोबाईलवर नीट उघडेल अशी साधी वेबसाईट करा, तीत गाडी कुठे लावायची ते टाका, गर्दी कधी कमी असते ते टाका. लोक तेच शोधत असतात, शोधता शोधता तुमचे पेढे दिसतील. गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली.

"पटलं. पण आमच्या व्याह्यांनी ॲप केलंय हो."

"व्याह्यांचा धंदा काय?"

"धंदा नाही. ते रिटायर झालेत."

* * *

आता अण्णांकडे येते. अण्णा म्हणजे दिवेआगरच्या आमच्या घरगुती निवास मंडळाचे अध्यक्ष. पर्यटकांना घरात खोल्या देणारे सगळे या मंडळात. अण्णा अध्यक्ष कधी झाले ते कोणाला आठवत नाही, निवडणूक झालेलीही आठवत नाही. त्यांच्या खोल्या गावात सगळ्यात जास्त, त्यामुळे सभा त्यांच्याच ओटीवर. मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. तज्ज्ञ म्हणजे काय, तर चहा पहिल्यांदा मिळतो आणि ऐकत कोणी नाही.

सभेला मिलिंद आला होता. हा सुलभाकाकूंचा मुलगा. कामोठ्याला फ्लॅट, आयटीत नोकरी, आणि बोलताना एक हात कायम हवेत. त्याचा एक मित्र ॲप करून देणार होता.

मी म्हटलं, "अण्णा, पुण्याचा माणूस कुठे राहायचं ते माणगावला वडापाव खाताना ठरवतो. एका हातात वडा, दुसऱ्या हातात मोबाईल. वेबसाईट उघडली, खोलीचा फोटो बघितला, नंबर दाबला, संपलं. दोन रात्रींसाठी तो ॲप उतरवणार, ओटीपी घालणार, पासवर्ड ठेवणार? त्याचा वडा गार होईल."

मिलिंद हसला. तज्ज्ञ बाईकडे बघून हसतात तसा. "ताई, वेबसाईट म्हणजे नुसता बोर्ड. ॲप म्हणजे रिलेशनशिप."

अण्णांनी चष्मा पुसला. "तिकडे अलिबागला, किहीमवाल्यांकडे ॲप आहे का?"

"आहे," मिलिंद म्हणाला.

"मग झालं."

एवढ्यावर ठराव पास. आणि त्याला एक शेपूट जोडलं, तेच मला झोंबलं. आमच्याकडे जुनी रीत आहे. एकाकडच्या खोल्या भरल्या की तो आलेले पाहुणे मागच्या फाटकातून शेजाऱ्याकडे पाठवतो. अण्णा म्हणाले, "यापुढे जो ॲपवर नाही, त्याच्याकडे कोणी पाहुणे पाठवायचे नाहीत."

सुलभाकाकू खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या दोन खोल्या अशा पाठवलेल्या पाहुण्यांवरच चालतात, हे त्या ओटीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. मिलिंदला तर सगळ्यात आधी.

* * *

काकूंची वाडी वादळात आडवी झाली. आता नवी रोपं लावलीत, पण पोफळीला सुपारी धरायला वर्षं जातात. तोवर त्या दोन खोल्यांवर चूल पेटते. मिलिंदने आईला स्पष्ट सांगून टाकलं होतं, "नाताळच्या सुट्टीत खोल्या रिकाम्या राहिल्या तर वाडी विकायची. मी गाडी घेऊन येतो, तू कामोठ्याला चल."

काकू मला म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर मी काय करू गो? कुंडीत पोफळ लावू?"

ॲप घ्यायला त्यांची ना नव्हती. माझ्याकडे फोन घेऊन आल्या, पण ॲप उतरेना. फोनमध्ये जागाच नाही. बघते तर वादळाआधीच्या वाडीचे फोटो. एकेका झाडाचा वेगळा. विहिरीजवळची पोफळ, सासऱ्यांनी लावलेला माड, एक वाकडा माड, त्याचे तर सगळ्या बाजूंनी.

मिलिंदला फोन लावला. तो म्हणाला, "आई, डिलीट कर ते. सगळी झाडं सारखीच दिसतात."

"तुझ्या बारशाचे फोटोही चारचौघांसारखेच आहेत," काकू म्हणाल्या. "ते मी टाकले का?" आणि फोन ठेवला.

मला रडू आलं आणि मिलिंदचा संतापही आला. तिथल्या तिथे मी काकूंना एका पानाची वेबसाईट करून दिली. एक फोटो, फोन नंबर, नकाशा. मजकूर काकूंनी सांगितला, मी टाइप केला. तो असा: "खोल्या दोन. समुद्र चालत जाण्याइतका. टीव्ही नाही. मासे मिळणार नाहीत, मागू नयेत. मोदक हवे असल्यास आदल्या दिवशी सांगावे, नारळ खवायला वेळ लागतो. मोठ्याने गाणी लावायची असल्यास दुसरीकडे बघावे."

"काकू, गिऱ्हाईक पळेल अशाने."

"पळू दे. जे येईल ते भांडणार नाही."

* * *

ॲपचं उद्घाटन अण्णांच्या अंगणात झालं. मांडव, सतरंज्या, पाहुण्यांना शाल-श्रीफळ. बटण दाबायची वेळ आली आणि रेंज गेली. अण्णांकडे रेंज फक्त विहिरीपाशी येते. मग प्रमुख पाहुणे, अण्णा, मंडळाचे सभासद, सगळे शाली सावरत विहिरीभोवती उभे राहिले. रस्त्यावरून आमचा रिक्षावाला चालला होता, तो घाबरून आत आला. "कोन पडला काय?"

"ॲप सुरू होतंय," मी म्हटलं.

"मंग दोर नको ना?" म्हणाला आणि गेला.

* * *

मिलिंदच्या मित्राने हे ॲप मुळात वाशीकडच्या कुठल्याशा लॉजसाठी केलं होतं. तेच आमच्या गळ्यात मारलं. त्यामुळे माहिती भरताना प्रश्न यायचे: लिफ्ट आहे का? कोणत्या मजल्यावर? बँक्वेट हॉल किती माणसांचा? आमच्याकडे मजला म्हणजे माळा, आणि तिथे सुपाऱ्या वाळत असतात.

अण्णांचे शेजारी वामनराव तसे सरळ माणूस. त्यांना एकही रकाना नन्नाचा ठेवायचा नव्हता, बरं दिसत नाही म्हणून. "स्विमिंग पूल आहे का?" याला त्यांनी "हो" केलं.

त्या ॲपवरून गावात जे एकमेव कुटुंब आलं, ते वामनरावांकडे. ठाण्याचं. पोरं गाडीतूनच पोहण्याचे कपडे घालून उतरली. बाईंनी विचारलं, "पूल कुठेय?"

वामनराव त्यांना वाडीतून घेऊन गेले आणि शिंपण्याची टाकी दाखवली. टाकीत शेवाळ, शेवाळावर बेडूक.

"यात पोहायचं?"

वामनराव म्हणाले, "छे छे. यात बघायचं. पोहायला समुद्र आहे की."

* * *

आता मुख्य घोटाळा. त्यासाठी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. शेजारून वाटीतून काही आलं, तर ती वाटी रिकामी परत जात नाही. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालतात, पण घालतात. हे आमच्या रक्तात आहे.

आणि मिलिंदने मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, "टेस्टिंगसाठी सगळ्यांनी एकमेकांकडे एकेक बुकिंग करून बघा."

वामनरावांनी हौसेने अण्णांची एक खोली बुक केली. तारीख त्यांनी निवडली नाही, ॲपने आपणहून नाताळची सुट्टी पुढे केली, यांनी "हो" म्हटलं. अण्णांच्या फोनवर टिंग वाजलं. वामनरावांनी आपल्याकडे खोली घेतली! मग आपण गप्प कसं बसायचं? अण्णांनी वामनरावांच्या दोन घेतल्या. वामनरावांची बायको म्हणाली, "त्यांनी दोन घेतल्या, आणि आपण एकीवर भागवायचं? लोक काय म्हणतील?" यांनी अण्णांच्या सगळ्या घेतल्या. हे पलीकडच्या आळीत कळलं, तिथेही देवाणघेवाण सुरू झाली. दोन-तीन दिवसांत ॲपवर अख्खं गाव लाल, म्हणजे फुल्ल.

अण्णा मला नाक्यावर भेटले, छाती पुढे. "बघ, ॲप आल्या आल्या हाऊसफुल्ल. आणि तू म्हणत होतीस वेबसाईट."

"अण्णा, अहो ते तुम्हीच आहात सगळे. रद्द करा ते, सुट्टी तोंडावर आलीय."

अण्णांचा चेहरा पडला. "वामनरावांचं बुकिंग मी मोडू? उद्या त्यांना तोंड कसं दाखवू?"

मी वामनरावांकडे गेले. ते म्हणाले, "अण्णा मोठे आहेत. त्यांनी आधी मोडावं, मग मी."

मिलिंदचा मित्र कामोठ्याहून फोनवर म्हणाला, मी सगळी एकदम कॅन्सल करून टाकतो. अण्णा त्याच्यावर असे ओरडले म्हणता, की फोनशिवायही कामोठ्याला ऐकू गेलं असतं. "खबरदार! आमच्या घरोब्यात तू पडू नको."

घरोबा टिकला. खोल्या रिकाम्या राहिल्या.

* * *

नाताळची सुट्टी आली. ज्यांनी ॲप उघडलं, त्यांना दिवेआगर फुल्ल दिसलं, ते पुढे श्रीवर्धनला गेले. ज्यांनी नुसतं मोबाईलवर शोधलं, त्यांना एकच पान दिसलं, टीव्ही नसलेलं, मासे नसलेलं. काकूंचा फोन वाजायला लागला तो थांबेना. शनिवारी सकाळीच दोन्ही खोल्या भरल्या, पडवीत आणखी मंडळी उतरली. मी दुकान नवऱ्यावर टाकून नारळ खवायला गेले होते.

दुपारी मिलिंद आला. गाडी अंगणात घेता येईना, अंगणात पुण्याच्या गाड्या. रस्त्यात लावून थेट स्वयंपाकघरात आला.

"आई, बॅग भरलीस?"

काकू मोदकाला कळ्या पाडत होत्या. मान वर केली नाही. "बुकिंग केलं होतंस?"

"आई, मी मिलिंद."

"ते दिसतंय मला. बुकिंग केलं होतंस का?"

"घरी यायला बुकिंग?"

"मग जागा नाही बाबा. खोल्या गेल्या, पडवी गेली. माजघरात मी नि ही निजणार, आणि तू घोरतोस."

मिलिंद माझ्याकडे बघायला लागला. मी नारळाकडे बघत राहिले. मला किती बरं वाटत होतं ते काय सांगू.

मग काकूंनी डब्यात मोदक भरले, वर तूप सोडलं आणि डबा त्याच्या हातात दिला. "अण्णांकडे जा मागच्या फाटकातून. हे दे, आणि सांग, आईने पाहुणा पाठवलाय."

मी हात धुतले आणि त्याच्या पाठोपाठ निघाले. असं काही चुकवायचं नसतं.

अण्णांच्या सगळ्या खोल्यांची दारं उघडी होती. गाद्यांवर नव्या चादरी, चादरींवर टॉवेलची घडी, माणूस एकही नाही. अण्णा ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. मिलिंदने डबा दिला, निरोप सांगितला. अण्णांनी चष्मा लावला, खिशातून फोन काढला, विहिरीपाशी गेले, ॲप उघडलं, बराच वेळ बोट वर-खाली फिरवलं. मग परत आले.

"नाही रे मिलिंद, फुल्ल दाखवतंय. वामनरावांचं बुकिंग आहे."

मिलिंदने उघड्या दारांकडे बघितलं, मग फोनकडे. तसाच वळला.

"अरे, थांब," अण्णा म्हणाले. आत गेले, मोदक काढून घेतले, आणि डब्यात चिमूटभर साखर घालून तो त्याच्या हातात दिला. "भांडं रिकामं नेऊ नये."