दोन बकेट सीट आणि सोलकढीचा टोप

आमच्या पिकअपला पुढे एकच लांब सीट होती, या दारापासून त्या दारापर्यंत, बाकड्यासारखी. खिडकीकडे, जिथे बाबा बसायचे, तिथला स्पंज इतका खचला होता की दिवाळीत ठेवलेला नारळ शिमग्यात सापडला. खोटं वाटत असेल तर घाटकोपरला आमच्या चाळीत कोणालाही विचारा. सगळ्यांनी ते माझ्याच तोंडून ऐकलंय.

आईचं मालवणी जेवणाचं काम. हळदी, बारसं, साखरपुडा, काय असेल ते. घरी रांधायचं, गाडीत भरायचं आणि मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत पोचवायचं. गाडी बाबांची. त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हापासून स्टिअरिंग माझ्याकडे आलं आणि बाबा खिडकीशी बसून माझ्या चुका काढायला लागले. मधे आई, आणि आईच्या मांडीवर सोलकढीचा टोप. वडे मागे जातील, कोंबडी मागे जाईल, भात तर जाईलच, पण कढी मागे जाणार नाही हा तिचा कायदा. मागे हिंदकळून कढी फुटली की लोक नावं कढीला ठेवत नाहीत, रांधणारीला ठेवतात, असं ती म्हणायची. गियरचा दांडा तिच्या गुडघ्याला लागून. दुसरा गियर टाकायचा तर तिने गुडघा सरकवायचा. तोंडाने कधी सांगावं लागलं नाही. इंजिनाचा सूर बदलला की तिचा गुडघा आधी हलायचा, माझा हात नंतर.

मग डॉक्टरने बाबांना दम दिला. असल्या खड्ड्यात बसलात तर पाठ पुन्हा उघडावी लागेल. टणक, पाठ धरणारी सीट बसवा, नाहीतर घरी बसा. रिक्षाचं तर नावही काढू नका.

बाबा घरी बसले. म्हणजे कसे, तर गॅलरीत खुर्ची टाकून, गाडीकडे पाठ करून. मी गाडी चालू केली की ते रेडिओ मोठा करायचे. त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं. एका संध्याकाळी म्हणाले, गाडी विकून टाक. हे वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं की आईच्या हातातली पळी थांबली. गाडी गेली की आईचं काम गेलं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पुढची ऑर्डर बोरिवलीच्या हळदीची होती, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की त्या दिवशी बाबा गाडीत असले पाहिजेत.

साकीनाक्याच्या एका गॅरेजमध्ये भंगारात निघालेल्या कारच्या दोन बकेट सीट होत्या. काळ्या, डोकं टेकायला उशी, कंबरेला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या. मी बसून बघितलं तर उठावंसं वाटेना. वाटलं, असल्या सीटवर बसून माणूस न थांबता थेट मालवणात उतरेल. मी टेप घेऊन केबिन मापलं, या दारापासून त्या दारापर्यंत, उलटं-सुलटं. दोन सीट आणि मधे गियर, झकास बसत होतं. मिस्त्रीने विचारलं, दोनच ना? मी म्हटलं, दोनच. टेपने रुंदी सांगितली, बाकी काही सांगितलं नाही. टेपचीच चूक.

जुनी सीट निघाली तशी समोरच्या चहावाल्याने उचलून गिऱ्हाइकांसाठी फुटपाथवर मांडली. मी नव्या सीटवर बसून, आरशात स्वतःकडे बघत घरी आले.

चाळ गॅलरीत जमली. आई हळदकुंकवाचं ताम्हण घेऊन खाली उतरली, मागून कठड्याला धरत बाबा. बाबा सीटवर बसले, मागे टेकले, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांची पाठ सरळ झालेली मी पाहिली. आईने त्यांच्या सीटला कुंकू लावलं. मग वळसा घालून माझ्या सीटला लावलं. मग पुन्हा बोट बुडवलं आणि आत वाकली. दोन सीटच्या मधे गियरचा दांडा होता आणि फार तर एक छत्री मावली असती. बोट तसंच हवेत राहिलं.

"अगो," ती म्हणाली, "मी खंय बसू?"

वर गॅलरीत कोणीतरी खोकलं. बाबांनी डॅशबोर्डकडे बघितलं, मी चाकाकडे. आईने बोटावरचं कुंकू पदराला पुसलं.

"काय नाय. मी मागे बसतंय."

तिने ताम्हण माझ्या डोक्यात घातलं असतं तर मी दुसऱ्या दिवशीपर्यंत झोपले तरी असते.

दुसऱ्या दिवशी टोप चढवले. शेवटी आई चढली. वड्यांच्या डब्याला पाठ लावून गोणपाटावर बसली आणि कढीचा टोप मांडीवर घेतला. मी म्हटलं, आई, टोप तरी पुढे दे. तिने झाकणावर दोन्ही हात ठेवले. संपलं.

साकीनाक्याच्या सिग्नलला हवालदार आमच्याकडे यायला निघाला. मालाच्या गाडीत मागे बाई, म्हणजे दंड ठरलेला. तो मागच्या फळीपर्यंत गेला, आईचं तोंड बघितलं आणि परत फिरून एका निरपराध स्कूटरवाल्याला धरलं.

आरे कॉलनीत शिरलो. तिथले स्पीडब्रेकर मला माहीत आहेत, पण त्या दिवशी एकेक सह्याद्रीएवढा वाटला. दुसरा गियर टाकताना हात दर वेळी अडखळायचा, आणि दांडा मात्र मोकळाच जायचा. आरशात आईच्या डोक्याचा पदर तेवढा दिसायचा. बाबा पट्टा लावून ताठ बसले होते. त्यांनी माझी एकही चूक काढली नाही आणि मी तर एकामागून एक करत होते. मग एका ब्रेकरला मागे झाकण वाजलं.

"गाडी थांबय," बाबा म्हणाले.

पाठ धरून ते उतरले आणि मागे गेले. आईला म्हणाले, तू फुडे बस, मी चढतंय. आईने विचारलं, आणि पाठीचा काय झाला तर? त्यांनी फळीवर हात ठेवला.

"तू मागे बसलंस तर मी ह्या गाडयेत नाय."

"आणि तुमी चढलात तर ही कढी मी हयच ओततंय."

दोघंही बोललेलं करणारी माणसं. माझा फोन वाजत होता, बोरिवलीची पाहुणेमंडळी हळद लावून जेवणाची वाट बघत होती, आणि हे दोघं फळीच्या दोन बाजूंना एकमेकांकडे बघत अडलेले. मी गाडी विकायचा भाव मनात ठरवून टाकला.

तेवढ्यात एक रिकामी रिक्षा आली. आईने हात केला आणि टोप घेऊन खाली उतरली. आधी टोप आत, मग ती, मग तिने बाबांचा दंड धरला. डॉक्टरचं नाव कोणीच काढलं नाही. रिक्षावाल्याला तिने काय सांगितलं कोण जाणे, पण तो अंड्यांच्या ट्रेवरून चालवावी तशी चालवायला लागला. मागून मी, दोन सिंहासनांची मालकीण, एकावर मी आणि एक रिकामं. रिक्षाच्या मागच्या काचेतून दिसत होतं, तिचा एक हात टोपावर आणि दुसरा बाबांच्या पाठीमागे.

बोरिवलीला टोप उघडला. कढी फुटली नव्हती. बाबांना उतरायला मात्र दोघांचा आधार लागला.

दुसऱ्या दिवशी मी साकीनाक्याला गेले. चहावाला सीट द्यायला तयार नव्हता, म्हणे गिऱ्हाईक वाढलंय. शेवटी अदलाबदल झाली, त्या बाकड्याच्या बदल्यात माझी बकेट सीट. मिस्त्रीने बाकड्याचा खचलेला भाग कापून टाकला. उरलेल्या भागावर मी आणि आई, खिडकीशी बाबांची बकेट सीट. चहावाला आता माझ्या सीटवर रेलून चहा गाळतो आणि मुख्यमंत्र्यासारखा सुट्टे पैसे परत करतो. मी तिथून जाताना दुसरीकडे बघते.

पुढची ऑर्डर मुलुंडची होती. वळणावर इंजिनाचा सूर उतरला, आईचा गुडघा सरकला, मी दुसरा गियर टाकला.

"उशिरा टाकलंस," बाबा म्हणाले.