इंजिनाला शिलाईचं मार्जिन

मास्तरांनी उभ्या जन्मात कुणाला बाराखडी शिकवली नाही. ते कपडे शिवतात, आणि कपडे शिवणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात, एवढाच त्यांचा विद्येशी संबंध. देवाने त्यांना हात चांगले दिले, नजर चांगली दिली, वार मात्र एकच दिला. मंगळवार. कोट कधी मिळेल? मंगळवारी. पँटची चेन? मंगळवारी. कुठल्या मंगळवारी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि अडतीस वर्षांत गिऱ्हाइकांनीही विचारायचं सोडून दिलं.

पुढच्या खोलीत दुकान, मागे घर आणि बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी. गाडी त्यांना एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी दिली होती. डॉक्टर गाव सोडून मुलीकडे राहायला निघाले तेव्हा म्हणाले, "मास्तर, तुमच्या कोटात माझं आयुष्य गेलं. ही घेऊन जा." गोल पाठीची, मोतिया रंगाची, दिवे डोळ्यांसारखे बाहेर आलेले. गल्लीने तिचं नाव कासव ठेवलं. मास्तरांना राग आला, पण गाडीचा वेग बघता त्यांना फार बोलता आलं नाही.

या कासवाने अकरा वर्षं एक काम नेमाने केलं. दर वर्षी दोनदा मास्तरीणबाईंना त्यांच्या ताईकडे पोचवलं. ताईचं घर डोंगरावर, चार तासांच्या वाटेवर. बस पायथ्याशी सोडते आणि पुढचा चढ पायी. तीन वर्षांपूर्वी कासवाच्या इंजिनाला उभा तडा गेला, त्याच सुमारास ताईचे गुडघे गेले, आणि वर्षभरात मास्तरीणबाईंचेही. आता दोघी बहिणी फोनवर एकमेकींना गुडघे कसे आहेत ते विचारतात.

"नेतो म्हणालो ना तुला," मास्तर म्हणायचे.

"कधी?"

"इंजिन मिळू दे."

पण तसलं इंजिन आता कुणी बनवत नव्हतं. जिथे मिळत होतं तिथे त्याची किंमत ऐकून मास्तर पाणी मागायचे. शिवाय मास्तरीणबाईंचा नियम पक्का होता: घरखर्चाच्या डब्याला हात लावायचा नाही. "मी देवाला सांगितलंय," त्या रोज सकाळी दिवा लावून झाला की म्हणायच्या, "इंजिन नाही दिलंस तरी चालेल, यांना थोडी अक्कल दे. तेवढी तुला स्वस्तात पडेल."

मग एका सोमवारी पान्या दुकानात आला. पान्या म्हणजे चौकातल्या गॅरेजचा मालक. मागच्या खिशात कायम पाना असतो म्हणून पान्या. त्या पान्याने त्याचे खिसे वर्षातून चार वेळा फाटतात आणि चारही वेळा मास्तर ते शिवून देतात.

"मास्तर, एक छोटी मालाची व्हॅन आलीय. मागून ट्रकने ठोकलीय. मागचं सगळं चपटं, पुढचं इंजिन ठणठणीत. तुमच्या कासवात बसवू."

"दुसऱ्या गाडीचं?"

"माणसाला दुसऱ्याची किडनी चालते, मग हिला काय झालं? फक्त मापात बसलं पाहिजे."

माप हा शब्द ऐकला आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर तेज आलं. पैशाचा प्रश्नही तिथल्या तिथे सुटला. पान्याकडे तीन मिनीबस दुरुस्तीला होत्या, त्यांच्या सगळ्या सीटांना कव्हरं हवी होती. कव्हरं मास्तरांची, इंजिन पान्याचं. इंजिनापासून चाकांकडे जाणारा शाफ्ट दोन इंच लांब भरेल, असं पान्या म्हणाला.

"मग खालून दुमडून टीप मार," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तो लोखंडाचा आहे."

"असं होय. मग काय करतात?"

"कापून वेल्डिंग."

"म्हणजे आल्टरच की!"

दुसऱ्या दिवशी, खऱ्याखुऱ्या मंगळवारी, मास्तर गळ्यात टेप घालून गॅरेजमध्ये गेले. सोबत मापांची वही. एका पानावर हेडमास्तरांची पँट, पुढच्या पानावर कुणाचं तरी जाकीट आणि त्याच्या पुढच्या कोऱ्या पानावर त्यांनी ठळक लिहिलं: इंजिन. खाली खांदा, छाती, कंबर, उंची असे रकाने पाडले. इंजिनाच्या खाली तेलाचं चेंबर लोंबतं, त्याच्यासाठी वेगळा रकाना केला: पोट.

पान्या हात पुसत बघत होता. "त्याला हात वर करायला सांगू का, मास्तर?"

"तू गप्प उभा राहा. माप घेताना बोललं की चुकतं."

मास्तर इंजिनाभोवती फिरले. टेप लावायचे, आकडा पुटपुटायचे, कानामागची पेन्सिल काढून लिहायचे. घरी आल्यावर मोठमोठे पुठ्ठ्याचे खोके उलगडून त्यांनी ते कटिंगच्या टेबलावर पसरले, वरून पांढऱ्या खडूने आखलं, कातरलं आणि तुकडे चिकटपट्टीने जोडून इंजिनाचा हुबेहूब पुतळा केला. मास्तरीणबाई मटार सोलत दारात बसल्या होत्या.

"हे काय?"

"ट्रायल. गिऱ्हाइकाला कोट द्यायच्या आधी कच्चा करून बघतो ना, तसं. लोखंड एकदा आत उतरवलं की परत काढणं सोपं नाही."

"बाई! म्हणजे देवाने ऐकलं म्हणायचं माझं."

जुनं इंजिन अजून गाडीत होतं. पान्या बुधवारी संध्याकाळी आला, ते साखळीने वर उचलून बाजूला काढलं आणि मास्तरांनी मोकळ्या जागेत पुठ्ठ्याचा पुतळा उतरवला. म्हणजे उतरवायला गेले. पुतळा निम्म्यावर अडला. पुढे रेडिएटरला लागला, मागे मधल्या पत्र्याला लागला, आणि जोर लावून खाली दाबला तर पोट आडव्या लोखंडी पट्टीवर टेकलं. बॉनेट चार बोटं उघडं राहिलं.

पान्याने खिशातला पाना काढून त्याने डोकं खाजवलं. "मला वाटलं होतं बसेल. नजरेने तर बसत होतं."

"नजर म्हणजे माप नव्हे," मास्तर म्हणाले. हे वाक्य ते एरवी फार रुबाबात म्हणतात. त्या दिवशी ते रडवेलं निघालं.

त्यांनी खूप खटपट केली. रेडिएटर पुढे सरकवता येईल का? थोडा येईल. मधला पत्रा ठोकून आत घेता येईल का? मग पाय कुठे ठेवायचे? आडवी पट्टी कापली तर?

"ती कापली तर कासव मधेच वाकेल," पान्या म्हणाला. "मग तुम्ही ताईकडे जाणार नाही मास्तर, सरळ वर जाल."

गुरुवारी दिवसभर मास्तरांनी मशीनवर बसून मिनीबसचं एकही कव्हर शिवलं नाही. दुपारी त्यांनी भंगारवाल्याला फोन केला. त्याचा ट्रक शनिवारी त्या रस्त्याने जातो. "गाडी शनिवारी घेऊन जा," मास्तर म्हणाले. मंगळवार म्हणाले नाहीत. तेव्हाच मास्तरीणबाईंना कळलं की हे खरं आहे.

संध्याकाळी ताईचा फोन आला तेव्हा गुडघ्यांची चौकशी झाली, औषधांची झाली, गाडीचा विषय दोघींनी टाळला. तीन वर्षांत पहिल्यांदाच ताईने "मग काय म्हणतंय कासव?" असं विचारलं नाही. फोन ठेवून मास्तरीणबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली. मास्तरांना पुढच्या खोलीत नळाचा आवाज येत होता.

शुक्रवारी दुपारी त्या शेडमध्ये गेल्या. पुठ्ठा चांगला जाड होता, कपाटाच्या खणात घालायला उपयोगी पडेल असा. पुतळा मोडून घ्यावा म्हणून त्यांनी चिकटपट्टीला नख लावलं. मास्तर मागोमाग आले, कारण पुतळा मोडलेला बघवणार नव्हता आणि न बघता राहवतही नव्हतं.

"अहो," मास्तरीणबाई पुतळ्यावर बोट फिरवत म्हणाल्या, "ही खडूची रेघ कसली? सगळीकडे कडेपासून अर्धा इंच आत."

"शिलाईची."

"मग शिलाई कुठाय?"

"काहीतरीच काय बोलतेस. पुठ्ठ्याला कुठली शिलाई? कडेला कड लावून चिकटपट्टी मारलीय."

मास्तरीणबाईंनी रेघेवर बोट ठेवलं. मग मास्तरांचा हात आपोआप गळ्यातल्या टेपकडे गेला.

"मार्जिन," ते हळूच म्हणाले.

"दोन्ही बाजूंनी," मास्तरीणबाई म्हणाल्या.

अडतीस वर्षं ज्या हाताने कापड कातरताना शिलाईसाठी अर्धा इंच सोडला, त्या हाताने पुठ्ठ्यालाही सोडला होता. मास्तर धावत जाऊन मोठी कात्री घेऊन आले. एरवी पुठ्ठा कापायला ती कात्री कुणी मागितली असती तर त्यांनी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. खडूच्या रेघेवरून सगळा पुतळा त्यांनी कातरला, पुन्हा चिकटवला आणि गाडीत उतरवला. खाली गेला. पण पूर्ण नाही. बॉनेट दोन बोटं उघडंच राहिलं.

मास्तर मटकन बसले. "नाही गं. नशीबच नाही."

"नशिबाला कशाला मधे आणता? वही आणा."

"कशाला?"

"माझं ब्लाऊज शिवताना तुम्ही काय करता? टेप सांगतो एक, तुम्ही लिहिता दुसरंच. विचारलं की म्हणता, बसता-उठताना लूज लागतं. जेवल्यावर माणूस फुगतो."

मास्तरांनी वही आणून इंजिनाचं पान उघडलं. मग त्यांनी फोन उचलला.

"पान्या, इंजिनाची लांबी मोज बरं. टेपनेच मोज, नजरेने नको."

पलीकडे काहीतरी खणखणलं. "चोवीस."

वहीत लिहिलं होतं सव्वीस. उंची त्याने पंचवीस सांगितली, वहीत सत्तावीस होती. पोटाला तर मास्तरांनी तीन इंच सैल सोडलं होतं, कारण कुणाच्याच पोटाचा त्यांना भरवसा नसतो. तोंड खरं माप पुटपुटत गेलं होतं आणि हात आपल्या सवयीने वाढवून लिहीत गेला होता. इंजिन बसेल, उठेल, जेवेल, जरा जाड होईल, त्याची सगळी सोय मास्तरांनी करून ठेवली होती.

"अहो, इंजिन पंगतीला बसतं का?" मास्तरीणबाईंनी विचारलं आणि तोंडाला पदर लावला. मास्तरांना वाटलं त्या रडतायत. त्या हसत होत्या. मग थोडं रडल्याही, पण ते आधीचं साठलेलं होतं.

पान्या आला. तिसऱ्यांदा पुतळा कातरला. तो खाली उतरला तो जागेवर जाऊन बसला, आणि बॉनेट टप्पकन लागलं. पान्याने आत हात घालून चाचपलं. "चारी बाजूंनी बोटभर हवा राहतेय. तेवढी लागतेच मास्तर, इंजिन थरथरतं ना."

"म्हणजे लूज लागतंच!" मास्तर उसळून म्हणाले. "ऐकलंस गं?"

"बोटभर, मास्तर," पान्या म्हणाला. "दोन इंच नाही. आणि पोटाला तीन तर मी माझ्या पँटलाही मागत नाही."

शनिवारी ट्रक आला. भंगारवाल्याने शेडमध्ये डोकावून बघितलं. गाडीला झूल घातलेली आणि दारात मास्तर आडवे उभे.

"गाडी न्यायला बोलावलंत ना?"

"गाडी नाही, इंजिन. तडा गेलेलं. ते बघ, कोपऱ्यात."

"फोनवर गाडी म्हणाला होतात."

"फोनवर माप चुकलं होतं."

भंगारवाल्याने तोंड वाकडं केलं, पण लोखंड भरीव होतं, म्हणून ते त्याने ट्रकवर चढवलं. जाताना त्याचा शर्ट खांद्यावर उसवलेला मास्तरांना दिसला. काढून ठेव म्हणाले, शिवून देतो. "कधी मिळेल?" भंगारवाल्याने विचारलं. उत्तर मास्तरीणबाईंनीच आतून दिलं.

त्याच दुपारी त्यांनी ताईला फोन लावला. "ताई, हे आणतायत म्हणे मला." मग फोनवर हात ठेवून त्या मास्तरांकडे वळल्या. "कधी, विचारतेय."

मास्तर तोंड उघडणार एवढ्यात त्यांनी बोट वर केलं. "कुठल्या?"

आजवर हा प्रश्न चुकवायला मास्तर कधी सुई शोधायला वाकले, कधी खोकले, कधी मशीनला तेल घालू लागले. या वेळी त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. सीट कव्हरं, वेल्डिंग, इंजिन बसवणं, सगळं बोटांवर मोजलं. मग शेडमध्ये जाऊन कासवाच्या मोतिया बॉनेटवर खडूने तारीख लिहिली आणि खाली रेघ ओढली. सहा आठवड्यांनंतरचा मंगळवार.

मास्तरीणबाईंनी ती तारीख ताईला वाचून दाखवली, आणि नंतर देवाजवळ दिव्यापुढेही एकदा वाचून दाखवली. साक्षीदार असावा म्हणून.

सहा आठवड्यांत मास्तरांनी तीन मिनीबस शिवून काढल्या आणि पान्याने कासवाचं आल्टर केलं. व्हॅनच्या इंजिनाने कासवाचा आवाज बदलला. आधी ते धापा टाकायचं, आता नाक साफ केल्यासारखं बोलत होतं. निघायच्या आदल्या दिवशी शाफ्ट कुठेतरी खरखरला, पान्याने तो काढून पुन्हा बसवला आणि त्यात एक दिवस गेला. बॉनेटवरची खडूची तारीख मास्तरांनी बाहीने पुसून टाकली. सगळ्यांनी ते बघितलं.

डोंगराच्या चढावर कासव दुसऱ्या गिअरमध्ये गेलं, पण थांबलं नाही. मास्तरीणबाई मांडीवर पिशवी धरून ताठ बसल्या होत्या आणि ओठांतल्या ओठांत नाव घेत होत्या, कुणाचं ते मास्तरांनी विचारलं नाही. ताई फाटकाशी काठी टेकून उभी होती.

"काय मास्तर," ती तिथूनच ओरडली, "मंगळवार काल होता!"

मास्तर उतरले, बॉनेटवर हात ठेवून बघितलं, फार तापलं नव्हतं. मग छाती काढून म्हणाले, "एक दिवस शिलाईचं मार्जिन, ताई!"

पण तोवर दोघी बहिणी एकमेकींना धरून, एकीच्या काठीवर दोघींचे चार गुडघे सावरत, ओट्याच्या पायऱ्या चढू लागल्या होत्या. ऐकायला तिथे कासवाशिवाय कुणी नव्हतं.