खाजा, साखर आणि आईंसमोरचं गाऱ्हाणं

गणपतीला चारच दिवस उरले होते, त्या दुपारची गोष्ट. नांदगावला आमच्या स्वयंपाकघरात मी उभी, समोर कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेली कामांची यादी, आणि हात खाज्याच्या डब्यात…

आमच्याकडचा खाजा म्हणजे आलं-गुळात घोळलेल्या बेसनाच्या कांड्या. मुंबईकर पाहुण्यांसाठी तळेऱ्याहून मुद्दाम आणलेल्या. यादीतलं एक काम वाचायचं, एक कांडी तोंडात टाकायची… काम एकही होत नव्हतं, डबा मात्र रिकामा होत चालला होता.

दरवर्षी हा कारभार सासूबाई, म्हणजे आमच्या आई, बघतात. यंदा श्रावणात त्या अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या, पाय प्लास्टरमध्ये. नवरा मुंबईला, त्याला सुट्टी आदल्या दिवसापासून. त्यात शाळेतल्या चाचणीचे पेपर माझ्याच उरावर!

आणखी एक होतं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कणकवलीच्या डॉक्टरांनी शुगर वाढल्याचं सांगितलं होतं… गोड पूर्ण बंद. देवगडला माझ्या बाबांची नजर याच साखरेने गेली, ते चाचपडत चालतात हे मी डोळ्यांनी बघतेय. तरी हात थांबेल तर शपथ!

इतक्यात बाहेरच्या खोलीतून आईंचा आवाज आला, "काय गो, कितवो खाजो तो? हंयपर्यंत कुरुमकुरुम ऐकाक येता!"

अशी लाज वाटली म्हणून सांगू… यादी घेऊन त्यांच्या खाटेजवळ गेले आणि चक्क रडले. आई, मला नाही हो जमणार, काही सुचतच नाही, म्हटलं.

त्यांनी यादीकडे बघितलंसुद्धा नाही. "देवान तोंड काय फक्त खावक दिल्यान? घाल गाऱ्हाणा. मोठ्यान घाल!"

बाहेरगावच्या मित्रमंडळींसाठी सांगते… आमच्याकडे घरातला मोठा माणूस देवापुढे अडचणी, मागण्या एकेक करून बोलून दाखवतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्यामागे 'व्हय म्हाराजा' असा पुकारा करतात. आमच्या घरात हा मान भाऊकाकांचा, म्हणजे माझ्या चुलतसासऱ्यांचा. सुनेने गाऱ्हाणं घातलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. पण तोंडातला खाजा गिळला आणि केली सुरुवात.

"बा देवा म्हाराजा, गणपतीवर टांगूच्या माटवीक फळा बांधूची रवली…" आई खणखणीत म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!" भजनाच्या रात्रीची उसळ, पाहुण्यांच्या गाद्या, स्टेशनवर पाठवायची रिक्षा… प्रत्येकाला व्हय म्हाराजा. मला तर हसूच यायला लागलं.

मग मी नवीन पडद्यांचं बोलले. आई गप्प. पुन्हा म्हटलं, तर पदराने वारा घेत छपराकडे बघत बसल्या. मी काय समजायचं ते समजले… पडदे, भिंतींना रंगाचा दुसरा हात, शेजारी वाटायला घरच्याच करंज्या, सगळं खोडून टाकलं. ही कामं देवाने नाही, मीच माझ्या मागे लावून घेतली होती.

यादी संपली, पण तोंड सुटलं होतं. "आनी म्हाराजा, माझी साखर वाढली हा… बाबांचे डोळे गेले, माझे सांभाळ…"

व्हय म्हाराजा आलंच नाही. बघते तर आईंचे डोळे भरलेले. "माका कित्याक नाय सांगलंस गो?" एवढंच म्हणाल्या आणि माझा हात घट्ट धरून ठेवला.

मग चतुर्थी आली. घर माणसांनी भरलेलं, भाऊकाकांचं गाऱ्हाणं संपत आलेलं… आणि खाटेवरून आईंनी आवाज लावला. "आनी म्हाराजा, ह्या घराच्या सुनेची साखर ताब्यात ठेव, तिचे डोळे सांभाळ… आनी तिच्या कामाक हात लावची बुद्धी हंय जमलेल्या सगळ्यांका दी!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग घर दणाणलं… व्हय म्हाराजा! सगळ्यात मोठा आवाज नवऱ्याचा. दुपारी दीर भांडी घासायला बसले, मोदकांचं ताट माझ्यासमोरून पुढे गेलं आणि कुणी आग्रह केला नाही. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू…

शुगर पुन्हा तपासायची आहे, काय येईल ते येईल. अजूनही शाळेतून आलं की कामं आठवतात आणि हात डब्याकडे वळतो. मग मी तशीच खाटेशी जाऊन बसते, बोलत सुटते, आणि तिकडून येतं, व्हय म्हाराजा… बोलता बोलता डब्याचा विसर पडतो.

पुढच्या आठवड्यात आईंचं प्लास्टर निघेल. कधी एकदा चालते असं झालंय त्यांना. मी मात्र सांगून ठेवलंय, दिवसभर हव्या तिथे फिरा, पण मी शाळेतून येईन तेव्हा खाटेवर बसलेल्या दिसा.