गाववाल्यासमोर लिहिलेला नकार

फौजेत गाववाला भेटला की माणूस निम्मा घरी पोचतो. सातारा-सांगलीकडचं कुणी ना कुणी सगळीकडं असतंच, गेटवर असतं, दवाखान्यात असतं. मला मात्र तो नको तिथं भेटला.

लग्नाआधीची गोष्ट. माझ्या अंडकोशात गाठ निघाली, कॅन्सरची. ऑपरेशन झालं, पुढं इंजेक्शनं द्यायची होती. लष्करी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी समोर बसवून समजावलं: या औषधांनंतर मूल होईलच याची खात्री नाही, त्याआधी वीर्य गोठवून ठेवता येतं, फौजी माणसाला त्याचा खर्च नाही. मी मान खाली घालून 'यस मॅडम' म्हणत राहिलो. बाईमाणसाच्या तोंडून असलं ऐकायची सवय कुणाला होती!

तरी मी तयार झालो होतो, हे सांगायलाच हवं. फॉर्म घेऊन लॅबपर्यंत गेलो. खिडकीतल्या नर्सिंग असिस्टंटनं आडनाव वाचलं आणि तोंडभर हसला. "कुठला रं गड्या?" म्हटलं, पलूसकडचा. "आयला! माझी बहीण दिलीया की पलूसात!" बिचारा मनापासून खूश झाला होता. त्यानं पाणी दिलं, नमुन्याची डबी पुढं केली आणि हळूच म्हणाला, "लाजू नगंस, लय जण येत्यात." मला मात्र त्याच्या बहिणीचं घर दिसायला लागलं. हा दिवाळीला तिथं येणार, बोलता बोलता विषय निघणार आणि बाजाराच्या दिवशी अख्ख्या पलूसला कळणार की अमक्याच्या पोराची मर्दानगी दवाखान्यात बर्फात ठेवलीय. मी फॉर्म मागं घेतला, त्यावर 'नको' लिहिलं आणि सही ठोकली. "इचार कर गड्या," तो दोनदा म्हणाला. मी उलट त्याच्यावरच खेकसलो. तो माणूस कुणाकडं ब्र काढणारा नव्हता. आणि काढला असता तरी काय मोठं आभाळ कोसळणार होतं!

घरी सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन झालं. मुलगी बघायला गेलो तेव्हाही हर्नियाच. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी छावणीबाहेरच्या एका लॅबमध्ये गुपचूप तपासून घेतलं. रिपोर्टात शून्य होतं. रिपोर्ट फाडला आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. सुट्टी संपली की मी निघून जायचो, गावात राहायची ती बायको. उपास तिनं केले, गोळ्या तिनं खाल्ल्या, "कवा देतीस गोड बातमी?" हे तिनंच ऐकलं. मग लोकांनी विचारणंही बंद केलं, ते तर आणखी वाईट.

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण होतं, कराडजवळ तिच्या सासरी. आत ओटी भरणं चाललं होतं. मी बाहेर सोप्यात पुरुषांत बसलो होतो आणि दारातून सगळं दिसत होतं. बायको नारळ, तांदूळ, खण असलेलं ताट घेऊन पुढं झाली, तशी आई उठली आणि तिनं ते ताट तिच्या हातातून काढून घेतलं. ओरडली नाही. अगदी गोड आवाजात म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे गं. तू जरा सैपाकाचं बघ जा." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. माझी बायको "व्हय" म्हणाली आणि आत गेली. मी भजी खात होतो. खातच राहिलो. लिहायला लाज वाटते, पण मी आणखी मागून घेतली.

आई दोन दिवस तिथंच राहणार होती. आम्ही दोघं मोटारसायकलवर निघालो. गाव मागं पडलं. शेवटी मला राहवेना. उसाच्या बांधाला गाडी लावली आणि सगळं सांगून टाकलं, गाठ, औषधं, गाववाला, शून्य. वाटलं, रडेल, नाही तर सरळ माहेरची वाट धरेल. तिनं एवढंच विचारलं, "मगाशी ताट काढून घेतलं, तवा ह्ये तुमाला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"गाडी फिरवा. बायका अजून हायत तितं. समद्यांम्होरं झालंय, समद्यांम्होरंच सांगा."

मी गाडी फिरवली. फौजेत इतकी वर्षं काढलेला माणूस मी, वाटभर एकच वाक्य जुळवत होतो. दारातच आई आडवी आली. "काय इसरलं रं?" सोप्यात आता बायका पानसुपारीला बसल्या होत्या. त्या आमच्याकडं बघायला लागल्या.

"आई, मूल माझ्यामुळं हुत न्हाई," मी म्हणालो. "हिच्यात काय बी..."

आईनं माझं मनगट घट्ट धरलं. "हळू बोल," ती म्हणाली. "पोरीचं सासर हाय ह्ये. बायका ऐकतील."

ऐकावं म्हणूनच तर आलो होतो. बायको माझ्या मागं उभी होती, ती त्याच एका वाक्याची वाट बघत होती. आणि मी आवाज खाली घेतला. राहिलेलं सगळं आईच्या कानात सांगितलं.