भावजींच्या मिशीचा वास

"ज्या दिवशी तुमच्या तोंडात सिगारेट दिसेल ना, त्या दिवशी मी ताईकडे निघून जाईन. परत यायची नाही!"

भिंत पातळ आणि धाकट्या जाऊबाईंचा आवाज जाड. त्यामुळे पलीकडे भाजी निवडता निवडता मला हे भांडण शब्द न् शब्द ऐकू आलं. भावजी बिचारे गयावया करत होते, "अगं, मी ओढत नाही. ओढणाऱ्यांची खोली साफ करतो!"

"आणि मिशी? मिशीनेच झाडता का खोली?"

भावजी खोटं बोलत नव्हते. ते विमानतळावर कामाला. तिथे इतर कुठे सिगारेट पेटवायची सोय नाही; ज्याला तलफ येईल त्याने एका काचेच्या खोलीत जायचं. त्या खोलीतली राखेची भांडी रिकामी करायची, काचा पुसायच्या, धूर खेचणारा पंखा बघायचा, हे भावजींचं काम. आठ तास धुरात उभा राहिलेला माणूस घरी येताना गुलाबासारखा कसा दरवळेल? पण जाऊबाई रोज दारातच त्यांची मिशी हुंगायच्या, शर्ट बाहेरच्या बादलीत टाकायला लावायच्या, आणि दर शनिवारी फर्मान सोडायच्या, "येताना साबण आणा." अशी अठरा वर्षं गेली. मनातली अढी काही गेली नाही.

मग जाऊबाईंच्या ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तिने विमानाचं तिकीट धाडलं. जन्मात पहिलं विमान! भावजी सकाळीच कामावर गेलेले. जाऊबाई दुपारी नवी चप्पल करकरवत एकट्याच विमानतळावर पोचल्या. तपासणी आटोपली, वेळ उरला, तेव्हा मनाशी म्हणाल्या, जरा ह्यांची ती खोली तरी बघून येऊ.

तिकडे खोलीत आणीबाणी! काडेपेट्या न् लायटर तपासणीतच काढून घेतात, म्हणून भिंतीत विजेचा लायटर बसवलेला असतो. बटण दाबलं की तार लाल होते. नेमकी ती तारच सकाळी एकाची सिगारेट पेटवता पेटवता जळाली होती. वायरमन म्हणाला, "संध्याकाळी बघतो." तेव्हापासून भावजींनी एकाच्या सिगारेटीवर दुसऱ्याची, दुसऱ्याच्यावर तिसऱ्याची अशी आग जिवंत ठेवली होती. कोणी निघाला की हे दारात आडवे.

"साहेब, पुढचा येईस्तोवर थांबा हो!"

"मामा, माझं विमान लागलंय!"

"लागू द्या. दोन झुरके अजून मारा!"

प्रवासीही चेकाळले. एक जाडजूड आजीबाई तर म्हणाल्या, "घरचे सोड सोड म्हणतात. आज पहिल्यांदा कोणीतरी ओढ म्हणतंय!" आणि त्यांनी लागोपाठ तीन ओढल्या.

दुपारी खोली ओस पडली. उरला एकटा टायवाला, आणि कर्ण्यावरून त्याच्याच नावाची शेवटची हाक. त्याने अर्धी सिगारेट भावजींच्या हातात कोंबली, "सांभाळा मामा!" म्हणाला आणि धूम ठोकली. दुसरं विमान पकडायला उतरणारे, सात तास सिगारेटीवाचून तहानलेले लोक यायला अजून पाच मिनिटं होती. भावजींनी सिगारेट थर्मामीटरसारखी धरली. निखारा काळवंडायला लागला. फुंकर मारली तर राख नाकात. शेवटी त्यांनी डोळे घट्ट मिटले, सिगारेट ओठांत धरली आणि ओढली.

डोळे उघडले तर समोर काचेला नाक लावून जाऊबाई. हातात तिकीट. ताईकडचं.

भावजींना सांगायचं होतं खूप, पण ठसका लागला. असा लागला की डोक्यावरची टोपी उडाली, डोळ्यांना धारा, तोंड वांग्यासारखं जांभळं. तरी उजवा हात वर, सिगारेट सांभाळून. तेवढ्यात तहानलेले आत घुसले आणि त्या वरच्या हातावरून भराभर पेटवून घेऊ लागले. जाऊबाई त्यांना ढकलत आत शिरल्या, नवऱ्याच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि एकदम खो खो हसत सुटल्या.

"अहो, अठरा वर्षं ओढणारा माणूस असा खोकतो होय! तुम्हाला तर धरतासुद्धा येत नाही!"

"म्हणजे... परत येशील ना?"

"येते की. नाहीतर ती मिशी कोण हुंगणार?"

आठ दिवसांनी आल्या.

मागच्या महिन्यात भावजींची नोकरी संपली. शेवटच्या दिवशीही त्यांनी राखेची भांडी रिकामी केली, काचा पुसल्या, बटण दाबून तार लाल होते का पाहिलं. शनिवार होता. वाटेत दुकानात थांबून साबण घेतला. दारात उभं राहून मिशी पुढे केली, शर्ट काढून बादलीत टाकला आणि साबण जाऊबाईंच्या हातात ठेवला.